डिझेलवाल्याचे कान

पप्पांना कमी ऐकू येतंय ही बातमी आमच्या घरात सगळ्यात शेवटी पप्पांना कळली. आधी मम्मीला कळली, मग मला, मग खालच्या मजल्यावरच्या काकूंना. कारण आमच्या टीव्हीच्या बातम्या त्यांच्या किचनमध्ये स्वच्छ ऐकू जायच्या. मम्मी एकदा ओशाळून म्हणाली, "आवाज जरा मोठा असतो हो आमचा." तर काकू म्हणाल्या, "असू दे गं, मी माझा लावतच नाही आता. फक्त संध्याकाळी माझ्या सिरियलच्या टायमाला चॅनल बदलत जा."

आम्ही मुलुंडला राहतो. पप्पा रेल्वेत लोको पायलट आहेत. पायलट हे कागदावर. स्वतः ते ड्रायव्हरच म्हणतात, कारण त्यांच्या इंजिनाचा स्पीड असा की बाजूने चालणारा माणूस पुढे जाऊन, तंबाखू मळून, परत त्यांच्याशी दोन शब्द बोलायला थांबू शकतो. चेंबूरच्या पलीकडे तेलाच्या साइडिंग आहेत, तिथे त्यांचं शंटिंग चालतं. रिकाम्या टाक्यांची मालगाडी आली की ती तोडायची, टाक्या भरायला आत ढकलायच्या, भरल्या की ओढून बाहेर आणायच्या. बाकी सगळ्या लाईनवर डोक्यावर विजेची तार आहे आणि गाड्या विजेच्या इंजिनावर पळतात. पण जिथे पेट्रोल भरतात तिथे वर तार टाकत नाहीत. एक ठिणगी पडली की खेळ खल्लास. म्हणून विजेचं इंजिन गाडी बाहेरच सोडून रुबाबात निघून जातं आणि पुढचं काम करायला आमचं म्हातारं डिझेल येतं.

म्हातारं म्हणजे माझ्यापेक्षा वयाने मोठं. अंगावर रंगाचे इतके थर की नखाने खरवडलं तर खालून मागचं सरकार निघेल. ड्रायव्हरच्या सीटचा फोम कधीच संपला, त्यावर पप्पांनी घरची उशी नेऊन ठेवलीये. त्या उशीवर अजून दोन गुलाबं आहेत. एका जागी उभं असलं तरी ते बंद करत नाहीत, कारण बंद केलं तर परत चालू होईल याची गॅरंटी कोणीच घेत नाही. ड्युट्या बदलतात, माणसं बदलतात, हे आपलं गुरगुरत उभं. नॉच टाकला, म्हणजे गाडी चालवणाऱ्याच्या भाषेत ॲक्सिलेटर दिला, की आधी काहीच होत नाही. ते विचार करतं. मग काळा धूर सोडतं आणि मग चिडून निघतं. मम्मीला दुपारी झोपेतून उठवलं की सेम.

अशी दोनच उरलीत तिथे. बाकीची भंगारात गेली. पप्पांच्या नोकरीची पण थोडीच वर्षं उरलीत, त्यामुळे त्यांचं सरळ गणित होतं. "ती दोन आणि मी. तिघं बरोबरच बाहेर पडू," म्हणायचे.

आम्ही मूळचे दौंडचे. माझी शाळा यार्डाला लागून होती आणि मिमिक्रीचा पहिला आयटम मी तिथेच बसवला, डिझेल इंजिनाचा. घशातून गुरगुर काढायची, गालात हवा भरून धडधड द्यायची. गणिताचे सर फळ्याकडे वळले की मी शेवटच्या बाकावरून इंजिन सोडायचो. सर खडू हातात धरून थांबायचे, गाडी जाईपर्यंत. गाडी बऱ्याचदा लांबलचक मालगाडी असायची. एकदा तर सर वैतागून म्हणाले, "आज फारच डबे लावलेत." आता मी मुलुंडमध्ये एका कुरियर कंपनीत तक्रारींचे फोन घेतो, आणि जयंतीला, गणपतीला, कोणाच्या हळदीला स्टेजवर उभा राहतो. पुढाऱ्यांचे आवाज करतो, सोसायटीच्या सेक्रेटरींचा करतो. डिझेल इंजिन मात्र मुंबईत कोणी मागत नाही.

तर पप्पांचे कान. घरात आम्ही ते चेष्टेवारीच नेलं. मम्मी आतून म्हणायची, "अहो, दूध उतू जातंय." पप्पा पेपर वाचतायत. दूध गेलं. मग मी पप्पांच्या आवाजात म्हणायचो, "अगं, गेलं तर जाऊ दे, त्याची पण ड्युटी संपली असेल." मम्मी हसायची. पप्पा पेपरातून वर बघून विचारायचे, "काय झालं?" की आम्ही अजून हसायचो. आमच्या मते सगळ्या घरांतले सगळे नवरे पेपर वाचताना बहिरेच असतात.

हसणं थांबलं ते साइडिंगच्या गेटवर. पप्पा एक दिवस चष्मा विसरून गेले, मी तो द्यायला चेंबूरला गेलो. गेटबाहेरच्या टपरीवर त्यांच्याबरोबरचे पॉइंट्समन काका चहा घेत होते. शंटिंगमध्ये हा माणूस खाली रुळांजवळ उभा राहून वॉकीटॉकीवर ड्रायव्हरला सांगतो, ये, अजून ये, हळू, थांब. ड्रायव्हरला मागचं शेवटचं टोक दिसत नाही, तो या आवाजावर चालतो. काका मालवणचे. मला बघितल्यावर एरवी आधी शिवी देतात आणि मग चहा. त्या दिवशी आधी चहा दिला, तेव्हाच मला काळजी वाटायला पाहिजे होती.

"काय रे आर्टिस्ट," ते म्हणाले, "तुझ्या बापाशीक हल्ली कमी ऐकाक येता काय?"

"पेपर वाचताना."

"मस्करी नको करू. मी वॉकीवर ‘थांब’ म्हणतंय, तो ‘काय’ विचारता. शंटिंगात ‘काय’ विचारूक वेळ खंय असता?"

 काकांनी ग्लास खाली ठेवला आणि मालवणीतून साध्या मराठीत आले. ते असं करतात म्हणजे खरंच काहीतरी सांगायचं असतं.

"मी त्याला दिसेल अशा ठिकाणी उभा राहून हात दाखवतो. आतापर्यंत काही झालेलं नाही. पण वळणावर मी दिसत नाही रे. आणि त्या टाक्यांत काय पन्हं नाहीये. मी वर सांगितलं तर मित्राला खाली उतरवला असं होणार. नाही सांगितलं तर मला झोप नाही. तूच बोल त्याच्याशी. पुढच्या महिन्यात मेडिकल आहे त्याची, तिथे तसंही बाहेर येणार."

मेडिकल म्हणजे रेल्वेच्या हॉस्पिटलात होते ती. ड्रायव्हर लोकांची ठरावीक वर्षांनी होते. डोळे, कान, बीपी, शुगर. त्यात कानात नापास झालात तर इंजिनावरून उतरवतात. नोकरी जात नाही, पण कुठल्या तरी ऑफिसात टेबल देतात. पप्पांच्या एका दोस्ताला असंच टेबल मिळालं होतं. तो माणूस आधी आमच्या घरी आला की सोफ्यावर न बसता खिडकीत उभा राहून गप्पा मारायचा. टेबल मिळाल्यावर आला तेव्हा सोफ्यावर बसला आणि उठलाच नाही, चार वेळा चहा प्यायला, शेवटी बायको न्यायला आली. मम्मीला तेच आठवलं. मी घरी येऊन सगळं सांगितलं तर ती पहिली गोष्ट काय म्हणाली, "ह्यांना सोफ्यावर बसवून मी काय करू?"

संध्याकाळी पप्पांशी बोलायचं ठरलं. आता कमी ऐकू येणाऱ्या माणसाला कमी ऐकू येतंय हे सांगायचं म्हणजे ओरडूनच सांगावं लागतं, आणि आमच्या भिंती बघता ते खालच्या काकूंना पण सांगितल्यासारखं होणार. मी त्यांच्यासमोर खुर्ची ओढली, तोंड दिसेल असा बसलो आणि बोललो.

पप्पा चिडले नाहीत. चष्मा पुसत म्हणाले, "मला वाटलं वॉकी खराब झालाय. दोनदा बदलून घेतला."

"आणि आम्ही?"

"तुम्ही हल्ली तोंडातल्या तोंडात बोलता असं वाटत होतं."

मम्मी लगेच कामाला लागली. तिचा स्वभाव असा की वाईट बातमी आली की आधी तिच्यावर उपाय टाकायचा, बातमी खरी आहे का ते नंतर बघू. म्हणाली, "ती कानाची परीक्षा घेतात कशी?"

पप्पांनी सांगितलं. डॉक्टर मागे उभा राहतो, एक कान बंद करायला लावतो आणि कुजबुजत आकडे म्हणतो. आपण ते परत म्हणायचे.

"मग ह्याला जमेल की," मम्मी माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली. "ह्याला डॉक्टर करा. रोज प्रॅक्टिस. चौथीला ह्याच्याकडून करून घेतलीच होती ना पाढ्यांची."

मला ही आयडिया एकदम झकास वाटली. पप्पांना विचारून विचारून मी डॉक्टर बसवला. जरा नाकात बोलणारा, वाक्याच्या शेवटी उगाच "हं" म्हणणारा. गळ्यात मोबाईलच्या चार्जरची वायर टाकली. पप्पांना खिडकीकडे तोंड करून उभं केलं, मागे गेलो आणि सुरू.

"सत्तावीस, हं."

"सत्तावीस," पप्पा म्हणाले.

"चौसष्ट."

"चौसष्ट."

मम्मीने मला अंगठा दाखवला. मी एक पाऊल मागे सरकलो. तेवढ्यात चार्जरची वायर टेबलाला अडकली, ती सोडवायला वाकलो, आणि मी वाकलेलो असताना, तोंडातून अक्षर काढलेलं नसताना पप्पा म्हणाले, "एकोणनव्वद."

मी आणि मम्मीने एकमेकांकडे बघितलं.

"बावन्न," पप्पा म्हणाले. थोडं थांबून, "अठरा."

शेडमधल्या, म्हणजे इंजिनं ठेवतात आणि दुरुस्त करतात तिथल्या, सगळ्यांना डॉक्टरचे आकडे पाठ आहेत म्हणे. बरीच वर्षं तो तेच विचारतो, त्याच क्रमाने. पप्पांनी डॉक्टरचा रोल करण्यासाठी मला तेच आकडे दिलेले, आणि स्वतः तेच म्हणत सुटले होते. मला हसू फुटलं, मम्मीला फुटलं, पप्पा वळले आणि आमची तोंडं बघून त्यांना पण फुटलं. आम्ही तिघं चांगले पोट धरून हसलो. मग मम्मी हसता हसता उठून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

पप्पा म्हणाले, "हे नको करायला."

"काय?"

"हे पाठांतर. पास होईन मी. सगळे होतात. पण पुढे टाक्या आहेत आणि खाली तो उभा आहे." तो म्हणजे पॉइंट्समन काका. "दोन टाक्यांच्या मध्ये जाऊन जोडणी करतो तो. मला नाही ऐकू आलं तर तो मध्ये असताना मी ढकलीन."

हे मी आयुष्यभर घरात ऐकत आलोय, शंटिंग, जोडणी, टाक्या. पण हे चित्र त्या दिवसापर्यंत माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. मी कायम इंजिनाचा आवाज केला, इंजिनाच्या पुढे कोण उभा असतो ते कधी केलं नाही.

"तू टर्बो करतोस का?" पप्पांनी विचारलं.

टर्बो हा माझा आवडता आयटम. डिझेल कधी बंद करावंच लागलं, तर धडधड थांबल्यावरही आतला एक पंखा फिरत राहतो. त्याची बारीक शिट्टी येते, आणि ती बारीक बारीक होत विरत जाते. ड्रायव्हर लोक ती शिट्टी शेवटपर्यंत ऐकतात. लवकर तुटली तर समजायचं आत काहीतरी घासतंय, इंजिन शेडला पाठवा. पप्पा ऐकताना एक बोट वर धरतात, शिट्टी संपली की बोट खाली.

ते परत खिडकीकडे तोंड करून उभे राहिले, बोट वर केलं. मी आधी गुरगुर दिली, मग ती तोडली आणि ओठांच्या फटीतून शिट्टी सोडली. हळूहळू हवा कमी करत गेलो. मला ही शिट्टी खूप लांब खेचता येते, स्टेजवर तेवढ्यावर टाळ्या घेतो.

पप्पांनी बोट खाली केलं. "संपली ना?"

मी अजून वाजवत होतो.

थांबलो नाही मी लगेच. थांबलो असतो तर त्यांना कळलं नसतं. पण ते वळले, माझे ओठ बघितले, आणि कळलंच त्यांना. खुर्चीवर बसले. म्हणाले, "उद्या रजा टाकतो. कानाच्या डॉक्टरला दाखवू. तो म्हणाला गेले, तर मेडिकलची पण वाट नको बघायला, मीच जाऊन सांगतो साहेबांना."

एवढं बोलले आणि टीव्ही लावला. आवाज न वाढवता. चित्र बघत बसले.

मुलुंड स्टेशनजवळ एका जुन्या बिल्डिंगमध्ये कानाच्या डॉक्टरीणबाई आहेत. माझ्यापेक्षा फार तर चार-पाच वर्षांनी मोठ्या असतील. मी आणि मम्मी दोघंही बरोबर गेलो, त्यामुळे छोट्या केबिनमध्ये पप्पांना परीक्षेला आणल्यासारखं झालं. बाईंनी विचारलं, "काम काय करता?" पप्पांनी सांगितलं. "किती वर्षं इंजिनाजवळ?" पप्पा म्हणाले, "लग्नाच्या आधीपासून." बाईंनी नुसतं लिहिलं. ते नुसतं लिहिणं मला आवडलं नाही.

"कानात काही घालता का? काडी, पिन, तेल?"

"नाही, काही नाही," पप्पा म्हणाले.

मम्मी म्हणाली, "नाही हो, ते नखं पण वेळेवर कापत नाहीत, कानात कुठे काय घालतायत."

बाईंनी एक बारीक नळी कानात घातली. तिच्या टोकाला कॅमेरा होता आणि चित्र समोरच्या स्क्रीनवर. पप्पांच्या कानाच्या आत एवढी मोठी गुहा असेल असं मला वाटलं नव्हतं. गुहेच्या टोकाला पडदा दिसायला हवा होता म्हणे, तिथे काळं ढेकूळ होतं. बाई स्क्रीनकडे बघत राहिल्या. मम्मीने माझं मनगट धरलं, बांगडी रुतेपर्यंत.

"हे काय आहे?" बाई म्हणाल्या. आम्हाला नाही, स्वतःला.

त्यांनी कानात औषधाचे थेंब टाकले, आम्हाला बाहेर बसवलं, परत आत बोलावलं. मग लांब, पातळ चिमटा घेतला आणि ते ढेकूळ टोकाला धरून हळू ओढलं. ढेकूळ निघालं नाही. त्यातून दोरा निघाला. निळा. बाईंनी अजून ओढला, त्याला जोडून लाल आला. लालला चिकटून पिवळा. जादूगार तोंडातून रुमाल काढतो ना, तसं पप्पांच्या कानातून सूत निघत होतं, आणि बाईंच्या चेहऱ्यावर असा भाव की आता पुढे कबूतर आलं तर काय करायचं.

"अगं बाई," मम्मी म्हणाली.

पप्पांनी मान न हलवता डोळ्यांच्या कोपऱ्यातून ते बघितलं आणि एकदम साधेपणाने म्हणाले, "वेस्ट आहे ते."

"काय आहे?"

"वेस्ट. हात पुसायचं."

गिरण्यांत उरलेल्या रंगीबेरंगी सुताचा गुंता असतो तो, इंजिनावर हात आणि गेजच्या काचा पुसायला देतात. त्याला वेस्ट म्हणतात. पप्पांना कानात घालायला शेडमधून नारिंगी प्लग मिळतात, पण ते घामाने निसटतात आणि खाली पडले की काळे होतात. म्हणून पप्पा काय करायचे, वेस्टमधून नवीन, कोरा, स्वच्छ पुंजका तोडायचे, बोटांत वळायचे आणि कानात ठासायचे. ड्युटी संपली की काढून फेकायचे. सगळेच जुने डिझेलवाले करतात म्हणे. फक्त काढताना अर्धा पुंजका आत राहिला तर ते कळत नाही, कारण तासन्‌तास इंजिनाच्या केबिनमध्ये बसून बाहेर आल्यावर तसंही थोडा वेळ काही ऐकू येत नसतं. मग दुसऱ्या दिवशी नवीन पुंजका. तो जुन्याला अजून आत ढकलतो.

"मी विचारलं तेव्हा नाही म्हणालात," बाई म्हणाल्या.

"तुम्ही काडी, पिन आणि तेल विचारलं," पप्पा म्हणाले.

दुसऱ्या कानातून पण निघालं. तिकडे हिरवं जास्त होतं. बाईंनी दोन्ही गोळे ट्रेमध्ये शेजारी ठेवले आणि म्हणाल्या, "हा तर बराच जुना दिसतोय. कधीचा?" पप्पांनी विचार केला. "ते दुसरं इंजिन शेडला गेलं होतं ना, तेव्हा वेस्टचा लॉट हिरवा आला होता. तेव्हाचा असेल." बाईंनी हे पण लिहून घेतलं की नाही मला माहीत नाही.

मग पाणी, मग कसली तरी नळी खर्रर्र करत फिरली. पप्पांनी डोळे गच्च मिटले होते. बाईंनी नळी काढली आणि केबिन शांत झालं. म्हणजे आमच्यासाठी शांत. पप्पा एकदम दचकून वर बघायला लागले.

"काय झालं?" मी म्हणालो.

"ओरडू नको," पप्पा म्हणाले. "हा एसी नेहमी असाच वाजतो का?"

मम्मी रडली. मोठ्याने नाही, पण तिने नाक ओढलं तर पप्पा म्हणाले, "तू पण हळू."

बाईंनी मात्र लगेच आनंद करू दिला नाही. कान मोकळे झाले म्हणजे चांगले आहेत असं नाही, म्हणाल्या. एका काचेच्या खोक्यात पप्पांना बसवलं, कानावर हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. आम्ही बाहेरून बघतोय. पप्पा सरळ ताठ बसलेले, समोर नजर, अंगठा बटणावर, जसे इंजिनात बसत असतील तसे. दाबत होते. मध्येच बराच वेळ नाही दाबलं. मम्मीने परत माझं मनगट धरलं. परत दाबलं. मी बाईंच्या चेहऱ्यावरून काही कळतंय का बघत होतो. लोकांचे चेहरे वाचून आवाज काढणं हा माझा धंदा, पण त्या बाईंचा चेहरा म्हणजे भिंत.

शेवटी कागद निघाला. अगदी बारीक, चिरक्या आवाजांना डावा कान थोडा कमी आहे, बाई म्हणाल्या. ते इंजिनाचं आणि वयाचं. परत येणार नाही. बाकी बोलणं, कुजबुज, वॉकीटॉकी, सगळं व्यवस्थित ऐकू येईल. "पण वेस्ट घातलंत तर मी स्वतः तुमच्या साहेबांना फोन करीन," असं बोट दाखवून म्हणाल्या, आणि सिलिकॉनचे, दोरी लावलेले प्लग लिहून दिले. दोरी गळ्यात राहते, पडले तरी खाली जात नाहीत.

बाहेर आलो तर पप्पा फुटपाथवर थांबले. रिक्षा, हॉर्न, भाजीवाला, सगळं एकदम त्यांच्या अंगावर आलं असणार. मी म्हणालो, "पप्पा, चला." अगदी हळू, मुद्दाम, तोंड दुसरीकडे करून.

"येतोय," पप्पा म्हणाले.

आता कोणाला वाटेल की त्या दिवसापासून घरात सगळं छान झालं. नाही. घराची वाट लागली. आम्हाला ओरडून बोलायची सवय झाली होती आणि समोरच्या माणसाला टाचणी पडलेली ऐकू येत होती. मम्मी भांडी घासत स्वतःशी काहीतरी पुटपुटायची, तर पप्पा बाहेरून उत्तर द्यायचे. ती म्हणाली, "इतकी वर्षं मी एकटीच बोलत होते ते बरं होतं." मी किचनमध्ये पप्पांचा आवाज काढला तर हॉलमधून आवाज आला, "मी असा नाही बोलत." मी म्हटलं, असाच बोलता. "जरा जाड आहे माझा," पप्पा म्हणाले. ते बरोबर होतं, त्यांचं ऐकून मी तो आयटम सुधारला.

काकांना फोन पप्पांनी स्वतः केला. मी शेजारी बसलो होतो, पलीकडचं सगळं ऐकू येत होतं. पप्पांनी वेस्टची गोष्ट सांगितली. पलीकडून काका म्हणाले, "थांब, माझ्या कानात बघतंय," आणि फोन ठेवला.

मेडिकलच्या दिवशी आम्ही तिघं गेलो. खरं तर तिघांनी जायचं काही कारण नव्हतं. रेल्वेच्या हॉस्पिटलात बाहेर लाकडी बाक आहेत, तिथे मी आणि मम्मी बसलो. रिपोर्ट चांगला होता, डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, तरी मम्मीने सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. मी दोन-तीन आवाज करून बघितले, ती हसली नाही.  आत ड्रायव्हर लोक जात होते, बाहेर येत होते. एक जण बाहेर येऊन भिंतीला टेकून उभा राहिला आणि फोनवर काहीच न बोलता नुसता फोन कानाला लावून थांबला. त्याला काय सांगितलं असेल ते आम्ही ओळखलं आणि दोघांनी दुसरीकडे बघितलं.

पप्पा आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. जवळ येऊन उभे राहिले.

"बोला ना," मम्मी म्हणाली.

"डॉक्टर नवीन आहे. आकडे पण नवीन."

"मग?"

"मग काय, ऐकले आणि सांगितले." ते बाकावर बसले. "मागे दोन नर्स कुजबुजत होत्या, ते पण ऐकू आलं."

"काय म्हणत होत्या?" मी विचारलं.

"एकीच्या सासूचं होतं. चारचौघांत सांगण्यासारखं नाही."

"अहो, निकाल," मम्मी म्हणाली.

"फिट. चष्म्यासकट फिट."

मम्मीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि तसंच बसून राहिली. पप्पा तिच्याकडे न बघता तिच्या पाठीवर हात ठेवून बसले. मी भिंतीशी उभ्या असलेल्या त्या माणसाला पाण्याची बाटली नेऊन दिली. त्याने घेतली, अर्धी प्यायला आणि विचारलं, "तुझे वडील?" मी मान हलवली. तो म्हणाला, "छान," आणि मनापासून म्हणाला.

बाकाकडे परत आलो तेव्हा पप्पा शेडला फोन लावत होते. उद्या सकाळची ड्युटी मिळाली. कुठलं इंजिन म्हणून त्यांनी विचारलं, पलीकडून दुसरं सांगितलं, ते जास्त धूर सोडणारं. "चालेल," पप्पा म्हणाले, "चालेल की." फोन खिशात टाकला आणि मम्मीला विचारलं, "भूक लागली ना तुला?"

"कधीची," मम्मी म्हणाली. उठली, माझा हात धरून जरा वेळ उभी राहिली, पाय बधिर झाले होते तिचे. मग आम्ही समोरच्या हॉटेलात गेलो आणि तिने एकटीने दोन मसाला डोसे खाल्ले.